आम्लाचाही ताळेबंद हवा

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाने देशाला एक साधा धडा दिला आहे. पाऊस किती पडला, जमिनीत किती मुरला, पिण्यासाठी किती राखायचे, याचा हिशेब ग्रामसभेपुढे मांडायचा आणि मगच पिकांचे नियोजन करायचे, ही शिस्त या गावाने स्वतःला लावून घेतली. पोपटराव पवार यांना 2020 मध्ये जाहीर झालेली पद्मश्री हा या शिस्तीचाही गौरव होता. याच जिल्ह्यात नागापूर, सुपे, श्रीरामपूर येथे औद्योगिक वसाहती उभ्या आहेत. शेतकऱ्याने थेंबाथेंबाचा हिशेब ठेवायचा आणि कारखानदाराने मात्र हौदातील आम्ल ‘वापरून झाले’ म्हणून निकालात काढायचे, हे न्यायाला धरून नाही आणि व्यवहारालाही नाही.

धातूच्या उद्योगाला आम्लावाचून गत्यंतर नसते. पोलादावरील गंज आणि पापुद्रा काढण्यासाठी ते आम्लात बुडवावे लागते. ॲल्युमिनियमवर संरक्षक थर चढवायचा, म्हणजे ॲनोडायझिंग करायचे, तर सौम्य गंधकाम्लाचा हौद लागतो. त्यात लिटरमागे साधारण 150 ते 200 ग्रॅम आम्ल असते. काम होत जाते तसे ॲल्युमिनियम त्यात विरघळत राहते. त्याचे प्रमाण लिटरमागे 20 ग्रॅमच्या आसपास पोचले की थराचा दर्जा बिघडू लागतो आणि हौद बदलावा लागतो. म्हणजेच बाहेर पडणाऱ्या द्रावणातील बहुतांश आम्ल अजूनही कामाचे असते. मूठभर खड्यांपायी पोतेभर धान्य उकिरड्यावर ओतण्याचाच हा प्रकार.

पुढचे गणित तर अधिक बोलके आहे. एक टन गंधकाम्लाची आम्लता घालवण्यासाठी सुमारे पाऊण टन विरवलेला चुना लागतो आणि त्यातून सुमारे पावणेदोन टन जिप्सम तयार होते. गाळातील पाणी आणि धातू यांचे वजन वेगळेच. आधी पैसे देऊन आम्ल घ्यायचे, मग ते मारण्यासाठी पैसे देऊन चुना घ्यायचा आणि शेवटी दोहोंचा गाळ घातक कचरा म्हणून वाहून नेण्यासाठी पुन्हा पैसे मोजायचे! हा तिहेरी खर्च चुकवण्याचा मोह ज्याला आवरत नाही, त्याला रात्रीच्या अंधारात ओढा जवळचा वाटतो. दख्खनच्या काळ्या कातळातील भेगांना मात्र दिवस-रात्र कळत नाही. ओढ्यात सोडलेले विष शेजारच्या विहिरीत कधी उतरेल, हे सांगता येत नाही. ज्यांच्या नावाने हा जिल्हा 2024 पासून ओळखला जातो, त्या पुण्यश्लोक अहिल्यादेवींनी देशभर विहिरी आणि घाट बांधले. त्यांच्या जन्मभूमीत तरी विहिरीचे पावित्र्य वेगळे सांगावे लागू नये.

या कोंडीतून सुटण्याचा एक मार्ग विज्ञानाने दाखवला आहे. मूत्रपिंडाच्या रुग्णांमुळे ‘डायलिसिस’ हा शब्द आता घरोघरी ठाऊक आहे. तो शब्द स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञ थॉमस ग्रॅहॅम यांनी 1861 मध्ये रूढ केला. आम्ल परत मिळवण्याची पद्धत ही त्याच तत्त्वाची शाखा. एका पातळ पटलाच्या एका बाजूने वापरलेले आम्ल आणि दुसऱ्या बाजूने, उलट दिशेला, स्वच्छ पाणी संथपणे सोडले जाते. या पटलावर धन विद्युतभार कायमचा जडवलेला असतो. विरघळलेल्या धातूचे कणही धनभारित असल्याने पटल त्यांना मागे लोटते. आम्लाचा ऋणभारित भाग मात्र पार जातो आणि हायड्रोजनचा अतिसूक्ष्म कण धनभारित असूनही त्याच्यापाठोपाठ निसटतो. पलीकडे मिळते ते पुन्हा हौदात घालण्याजोगे आम्ल. उष्णता लागत नाही, मोठा दाब लागत नाही. वीज लागते ती लहान पंपांपुरती. मोकळ्या आम्लापैकी 80 ते 90 टक्के आम्ल अशा रीतीने परत मिळू शकते.

ही जादूची कांडी नव्हे, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. धातूशी संयोग पावलेले आम्ल या मार्गाने परत येत नाही. उरलेल्या धातुयुक्त पाण्यावर प्रक्रिया करावीच लागते. तिचा भार मात्र पुष्कळ हलका होतो. हायड्रोक्लोरिक आम्लात जस्त मिसळले असेल, तर ते क्लोराइडशी जोडले जाऊन ऋणभारित होते आणि पटलातून निसटते. त्यामुळे जस्त चढवणाऱ्या कारखान्यांनी ही पद्धत डोळे झाकून स्वीकारू नये. द्रावण आधी नीट गाळावे लागते. काम संथ असल्याने पटलाचे क्षेत्रफळ मोठे लागते आणि तोच मुख्य खर्च असतो.

हा भांडवली खर्च दोन-चार हौदांच्या लहान उद्योजकाला एकट्याने पेलणारा नाही. पण एकट्याला न पेलणारे काम एकत्र येऊन कसे करावे, हे या जिल्ह्याला बाहेरून शिकवण्याची गरज आहे काय? विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेच्या काठी शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना 1950 मध्ये उभा केला, तेव्हा शेतकऱ्यापाशी तरी कोठे भांडवल होते? एकाच प्रकारचे आम्ल वापरणाऱ्या लहान कारखान्यांनी सामायिक पुनर्प्राप्ती केंद्र उभारावे. औद्योगिक विकास महामंडळाने त्यासाठी जागा आणि प्रारंभीचे अर्थसाहाय्य द्यावे. घातक कचऱ्यासंबंधीच्या 2016 च्या नियमांनी पुनर्वापर आणि पुनर्प्राप्ती यांना विल्हेवाटीच्या आधीचे स्थान दिले आहे. मग प्रदूषण नियंत्रण मंडळाने परवानगीचे काम वेगाने करावे आणि टँकरच्या प्रत्येक खेपेची नोंद तितक्याच कठोरपणे तपासावी. नोंद सैल झाली, तर पुनर्वापराच्या नावाखाली ओढाच पुन्हा भरेल.

गंधकाम्ल ज्यापासून बनते ते गंधक आपण मोठ्या प्रमाणावर परदेशातून आणतो. गाळात पुरलेल्या प्रत्येक टन आम्लाबरोबर देशाचे परकीय चलनही पुरले जाते. भावनगरची केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्था अशा पटलांवर दीर्घकाळ काम करीत आली आहे. प्रयोगशाळेतील ते ज्ञान आणि वसाहतीतील हौद यांची गाठ घालून देणे, हाच स्वदेशीचा आजचा अर्थ. हिवरे बाजारने पाण्याचा ताळेबंद मांडून दाखवला. नागापूर आणि सुपे येथील उद्योजकांनी आम्लाचा मांडावा.