सल्लागार नव्हे, दलाल

अमरावतीत राजकमल चौकात उभ्या राहा, नाहीतर अकोल्यात नीटच्या शिकवण्यांच्या गल्ल्यांतून एक फेरी मारा. फलकच फलक दिसतील : 'परदेशात एमबीबीएस', 'मुलींसाठी स्वतंत्र वसतिगृह', 'भारतीय जेवणाची सोय'. किर्गिझस्तान, जॉर्जिया, फिलिपीन्स ही नावं आता दर्यापूर-मूर्तिजापूरच्या घरांत पुण्या-नागपूरइतकी सहज घेतली जातात. आपली मुलगी इतक्या लांब शिकायला निघाली याचा मला आनंदच आहे. माझं भांडण आहे ते तिला पाठवणाऱ्या माणसाशी. तो स्वतःला 'शैक्षणिक सल्लागार' म्हणवतो. सल्ला फुकट देतो, वर चहा पाजतो. हा खर्च कोण करतं, असं आपण त्याला कधी विचारतो का?

हा खर्च परदेशातलं महाविद्यालय करतं. पहिल्या वर्षाच्या फीमधून अमुक टक्के, दर डोई. ही पद्धत जगभर चालते, आणि त्या धंद्यात ती कुणी लपवतही नाही. लपवली जाते ती फक्त मुलीच्या आईपासून. जो आपल्याकडूनही पैसे घेतो आणि समोरच्याकडूनही, त्याला वऱ्हाडातला कापूस विकणारा शेतकरी ओळखतो. त्याला अडत्या म्हणतात. पण अडत्यालाही बाजार समितीचा परवाना लागतो, काट्यावर वजन होतं, पट्टी मिळते. लेकीच्या आयुष्याचा सौदा करणाऱ्याला यातलं काहीच नको!

आणि ज्यांना आपण पुढारलेले म्हणतो त्यांचा न्याय पाहा. अमेरिकेत १९९२ पासून कायदा आहे. सरकारी मदत घेणाऱ्या महाविद्यालयांना विद्यार्थी भरती करणाऱ्यांना दर डोई कमिशन देता येत नाही, कारण त्यातून मुलं फसवली जातात हे त्यांना अनुभवाने कळलं. मात्र त्याच कायद्यात एक सूट ठेवली : परदेशात राहणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांची भरती असेल, तर कमिशन चालेल. म्हणजे त्यांच्या मुलांच्या बाबतीत जे पाप, ते आमच्या मुलींच्या बाबतीत व्यवहार. २०१२ साली ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, आयर्लंड आणि न्यूझीलंड या चार देशांनी लंडनमध्ये एजंटांसाठी नीतितत्त्वं जाहीर केली. चांगली तत्त्वं आहेत. पण अंजनगाव सुर्जीच्या बाईने त्यांच्या आधारे कुणाच्या दारात उभं राहायचं?

आपलं घर तरी कुठे धड आहे? आखातात मजूर पाठवणाऱ्या एजंटाला १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी करावी लागते. तो कायदा कामाला जाणाऱ्यांसाठी आहे, शिकायला जाणाऱ्यांसाठी नाही. पंजाबात इतकी फसवणूक झाली की त्या राज्याने २०१२ साली स्वतंत्र कायदा करून अशा सल्लागारांना परवाना सक्तीचा केला. त्यानेही फसवणूक थांबली नाही हे खरं. २०२३ साली कॅनडात प्रवेशाची खोटी पत्रं उघडकीला आली, तेव्हा त्यामागचा सल्लागार जालंधरचाच होता. पण परवाना असला की निदान विचारायला एक टेबल असतं.

वैद्यकीय शिक्षणाचं प्रकरण तर सगळ्यांत वाईट, आणि वऱ्हाडात तेच मोठं आहे. खाजगी महाविद्यालयाची फी झेपत नाही, सरकारी जागा मोजक्या. अकोल्यात सरकारी वैद्यकीय महाविद्यालय २००२ साली आलं, अमरावतीला मात्र त्यासाठी २०२४ साल उजाडावं लागलं. म्हणून लोक बाहेर बघतात. बाहेर शिकून आलेल्या मुलीला इथे परीक्षा द्यावी लागते, ३०० पैकी १५० गुण लागतात. २०२३ च्या जूनमध्ये त्या परीक्षेत दहांतला जेमतेम एक पास झाला, डिसेंबरात पाचांतला एक. हे आकडे फलकावर कधी वाचलेत? नोव्हेंबर २०२१ च्या नियमांप्रमाणे किमान ५४ महिन्यांचा अभ्यासक्रम, इंग्रजी माध्यम, त्याच संस्थेत बारा महिन्यांचं प्रशिक्षण आणि त्या देशात डॉक्टरकी करण्याची पात्रता, हे सगळं हवं. एक अट चुकली तर सहा वर्षं पाण्यात. २०२२ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये युक्रेनमधून मुलंमुली आणायला सरकारला विमानं पाठवावी लागली. ज्यांनी त्यांना तिथवर पोचवण्याचे पैसे घेतले होते, त्यांच्यावर परत आणण्याची कसलीही कायदेशीर जबाबदारी नव्हती.

मी समुपदेशन केंद्रात बसते. तिथे आलेली एक माय सांगत होती, "पोरीच्या लग्नाले ठेवलेले पैसे टाकले बाई, दोन एकर संत्र्याचा बगीचा गेला. तिथं गेल्यावर कालेजच दुसरं निंगालं." पैसे रोख दिलेले, पावती नाही. पोलिसांत का गेला नाहीत, असं विचारलं, तर म्हणाली, "पोरीचे बाबा म्हणे, नाव चव्हाट्यावर येईन. मंग पोरगी कोन करन?" पोरगी आता घरी आहे आणि स्थळं येताहेत. मैत्रिणींनो, दलालाचं भांडवल आपल्या पैशापेक्षा या गप्प बसण्यात जास्त आहे. मुलगा फसला तर बाप ठाण्यात जातो. मुलगी फसली तर तिचं लग्न लावतो. 'मुलींसाठी सुरक्षित' ही पाटी त्यासाठीच तर असते. बापाची भीती आधी सुरक्षितता म्हणून विकायची, मग तीच भीती तक्रार दाबायला वापरायची.

इथे आपल्या कामातली खरी अडचण येते. गावच्या बैठकीत हा विषय काढला की मागे बसलेला एखादा म्हणतोच, "म्हणूनच पोरीले लांब धाडू नये." आपल्या संतापातून त्याच्या हाती कोलीत द्यायचं का? मुळीच नाही. आनंदीबाई जोशी १८८३ साली बोटीने अमेरिकेला गेल्या आणि १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या महाविद्यालयातून डॉक्टर होऊन बाहेर पडल्या. ज्या कार्पेंटरबाईंशी आधी पत्रव्यवहार झाला होता, त्यांच्याच घरी त्या उतरल्या. त्या बाईंना कुणी टक्केवारी दिली नव्हती. आपल्या पापळचे पंजाबराव देशमुख एडिंबरा-ऑक्सफर्डला शिकून आले आणि अमरावतीत शिवाजी शिक्षण संस्था उभी केली. लांब जाणं आपल्या मातीला नवं नाही. नवं आहे ते दर डोई भाव लावणं. पोरीला घरी बसवून दलालाचं काहीच बिघडत नाही, तो शेजारच्या घरी जातो.

तेव्हा गटांनी ही कामं अंगावर घ्यावीत. गावातल्या प्रत्येक आईने सल्लागाराला लेखी विचारावं : महाविद्यालय तुम्हाला किती देतं? उत्तर नाही, तर पैसे नाहीत. रोख एक रुपया द्यायचा नाही. महाविद्यालयाचं आणि अभ्यासक्रमाचं नाव, फी, ५४ महिन्यांची अट पूर्ण होते की नाही, हे करारात लिहून घ्यायचं. राज्य सरकारकडे परवान्याचा आणि कमिशन उघड करण्याचा कायदा मागायचा. त्यासाठी दोन्ही जिल्हाधिकारी कचेऱ्यांवर निवेदनं द्यायची.

आणि ज्या आधीच फसल्या आहेत त्यांना घेऊन जिल्हा ग्राहक आयोगात जायचं. २०१९ च्या कायद्याप्रमाणे आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, दलालाचं कार्यालय मुंबईत असो की दिल्लीत. त्याला पाच लाखांपर्यंत दिले असतील तर तक्रारीला शुल्क नाही. वकील सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षांची असते, म्हणून आपल्या गटात अशी कुणी असेल तर तिच्याकडचे कागद, बँकेचा उतारा आणि फोनवरचे निरोप आधी गोळा करा. मुलीचं नाव किती उघड करायचं हे तिच्या बापाला नाही, तिलाच विचारा.