रविवारचा देव

आमच्या वसईत रविवारी सकाळी चर्चची घंटा झाली की वाटेवाटेने माणसे निघतात. मीही जाते. गुडघे टेकते, गीते गाते, घरी येते. आठवड्यापुरते देवाचे देणे फिटले, असे मला पुष्कळ दिवस वाटत असे.

सर्वांत मोठी आज्ञा कोणती, असे एका शास्त्र्याने विचारले तेव्हा येशूने देवावर संपूर्ण अंतःकरणाने प्रीती करावयास सांगितले. हा 'संपूर्ण' शब्द आपण फार सहज उच्चारतो. ते फादर-सिस्टरांचे काम, संसारी माणसाला कसे जमणार, असा आपला सोयीचा समज! पण सतराव्या शतकात पॅरिसच्या कार्मेलाइट मठात ब्रदर लॉरेन्स नावाचा एक लंगडा माणूस होता. तो धर्मगुरू नव्हता. मठाच्या स्वयंपाकघरात राबत असे. त्या कामाचा त्याला मुळात तिटकारा. तरी पंधरा वर्षे त्याने ते देवासाठी म्हणून केले, आणि भांड्यांच्या खडखडाटातही वेदीपुढे असावे तसा तो देवाजवळ राहिला. 1691 साली तो वारला. त्याची संभाषणे व पत्रे आजही वाचली जातात. ('काम हीच पूजा' म्हणत प्रार्थना चुकविणाऱ्यांनी मात्र त्याचा आधार घेऊ नये. तो प्रार्थना चुकवीत नव्हता.)

माझ्या मते खरी अडचण भांड्यांची नाही, माणसांची आहे. वाडीतल्या विहिरीच्या पाण्यावरून माझे पप्पा आणि काका अकरा वर्षे बोलत नाहीत. दोघेही एकाच चर्चमध्ये कम्युनियन घेतात. संध्याकाळी घरी जपमाळ होते तेव्हा पप्पांचा आवाज सर्वांत मोठा असतो. भावाचे मन आपल्याविषयी दुखावले असेल तर अर्पण वेदीपाशी ठेवून आधी त्याच्याशी समेट करावा, असे येशूनेच सांगितले आहे. त्यावरचे प्रवचन आम्ही सर्वांनी ऐकले. घरी परतताना ती विहीर वाटेतच लागते.

पप्पांना दोष द्यायला मी लिहीत नाही. माझी चुलतबहीण याच कॉलेजात आहे. ती समोरून येताना दिसली की मीही जिना बदलते.

गेल्या नाताळात आजीने फराळाचे ताट देऊन मला काकांकडे पाठविले. काकूने ताट घेतले. काका बाहेर आले नाहीत. यंदाही मी जाणार आहे. पप्पांना अजून ठाऊक नाही. हा अंक घरी आला की कळेल.