गवयाचे छायाचित्र

सोनागिरीतील आमच्या घरी वडिलांचे एकच छायाचित्र आहे. संस्थान विलीन होण्यापूर्वी, तरुण दरबारी गवई म्हणून काढलेले. डोक्यावर पगडी, अंगावर शाल, हाती तंबोरा आणि ओठ घट्ट मिटलेले. जन्मभर जो गायला, तो माणूस तेथे मुका बसला आहे! मी त्यांचे उतारवयातील अपत्य. ते गेले तेव्हा दहा वर्षांचा होतो. मींड घेताना त्यांचा हात कसा फिरे, असे विद्यार्थी विचारतात. मला सांगता येत नाही.

दोष छायाचित्रकाराचा नव्हे, रीतीचा. इंदूरच्या बांधकाम खात्यातील लाला दीनदयाळ तुकोजीराव होळकरांच्या उत्तेजनाने छायाचित्रे काढू लागले, त्या काळी माणूस हलला की चेहरा पुसट होई. पुढे यंत्र सुधारले. निश्चल बसण्याची रीत मात्र राहिली.

रघु राय यांनी ती मानली नाही. भोपाळ त्यांना १९८४ च्या वायुदुर्घटनेतील त्या मातीआड होणाऱ्या बालकाच्या चित्रामुळे ओळखते. पण त्याच नजरेने त्यांनी थोर गायक-वादकही टिपले, आणि ती चित्रे २०१० साली ग्रंथरूपाने आली. त्यांत कलावंताला सजवून बसविण्याचा खटाटोप नाही. तो आपल्या कामात असतो आणि कॅमेरा वाट पाहतो.

कोणी म्हणेल, गाताना तोंड वेडेवाकडे होते. शास्त्रकारांनी मुद्रादोष सांगितला आहे, तो कशाला टिपावा? मीही विद्यार्थ्यांना आरशासमोर बसवितो. परंतु लकब निराळी आणि स्वराच्या शोधात निघालेला चेहरा निराळा. क्षयाने एक फुप्फुस गमावलेले देवासचे कुमार गंधर्व १९५० नंतर पुन्हा गाऊ लागले. अशा गवयाचा श्वास कोठे थांबतो, हात कोठे उठतो, हेही शिकणाऱ्याला धडाच असते.

आपल्या समारंभांत मात्र अजून हारतुऱ्यांची आणि पाहुण्यांचीच छायाचित्रे निघतात. कार्यकर्त्यांना माझी विनंती एवढीच: छायाचित्रकाराला तासभर आधी बोलवा. तंबोरे जुळत असताना त्याला एका बाजूस बसू द्या. प्रखर झोत नको, ‘इकडे पाहा’ नको. आणि चित्राच्या पाठीवर नाव व तारीख घाला.

तेवढ्याने कोणा गवयाचा मुलगा उद्या माझ्यासारखा निरुत्तर होणार नाही.