कोयनेचे ज्ञान जगाला, कोयनाकाठाला काय?

कराडजवळच्या हजारमाची येथे केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाची एक प्रयोगशाळा आहे. 'बोअरहोल जिओफिजिक्स रिसर्च लॅबोरेटरी' हे तिचे नाव सातारा-सांगलीतील फारच थोड्यांच्या परिचयाचे असेल. मात्र कोयना-वारणा परिसरात जमिनीखाली तीन किलोमीटरपर्यंत विंधन करून काढलेले खडकांचे नमुने तेथे जपून ठेवलेले आहेत आणि त्यांच्यावर देशभरातील संशोधक गट काम करीत आहेत. धरणामुळे भूकंप का होतात, या प्रश्नाचे उत्तर जगाला हवे आहे आणि ते शोधण्यास कोयनेइतकी सोयीची जागा अन्यत्र सापडणे कठीण, असे भूवैज्ञानिक मानतात. या कामी देश आणि परदेश यांचे सहकार्य घडले, ही समाधानाची बाब होय. पण त्या सहकार्याचे फळ कोणाच्या पदरी पडणार, हा प्रश्न पाटण आणि शिराळा तालुक्यांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे.

एका पहाटेने बदललेला समज

११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे साडेचार वाजण्यापूर्वीच कोयनानगर हादरले. ६.३ क्षमतेच्या या भूकंपात सुमारे १८० जणांचा बळी गेला. धरणाच्या भिंतीच्या उंच भागांत आडव्या भेगा पडल्या. तोपर्यंत दख्खनचे पठार म्हणजे भूकंपापासून सुरक्षित असा अभेद्य पाषाण, अशी समजूत होती. ती एका रात्रीत खोटी ठरली आणि देशाचा भूकंपप्रवणतेचा नकाशा १९७० मध्ये सुधारावा लागला.

शिवाजीसागर जलाशयात पाणी साठू लागले ते १९६१-६२ च्या सुमारास. त्यानंतर लवकरच परिसरात लहान धक्के जाणवू लागले होते. चीनमधील शिनफेंगजियांग, झांबिया व झिंबाब्वे यांच्या सीमेवरील करिबा आणि ग्रीसमधील क्रेमास्ता या धरणांच्या परिसरातही १९६२ ते १९६६ या काळात मोठे धक्के बसले होते. त्यामुळे कोयनेचा भूकंप केवळ महाराष्ट्राची दुर्घटना राहिला नाही. मोठी धरणे बांधणाऱ्या प्रत्येक देशाला त्याची दखल घेणे भाग पडले. १९७० च्या दशकाच्या प्रारंभी युनेस्कोने मोठ्या जलाशयांशी निगडित भूकंपांच्या अभ्यासासाठी कार्यगट नेमला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील प्रा. अनिल चोप्रा यांनी कोयना धरणाच्या भेगांचे गणित मांडले. भूकंपात काँक्रीटचे धरण कसे वागते हे तपासताना आजही जगभरचे अभियंते कोयनेचे उदाहरण घेतात. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेतील डॉ. हर्ष गुप्ता आणि बी. के. रस्तोगी यांचा 'डॅम्स अँड अर्थक्वेक्स' हा ग्रंथ १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला, तोही याच अनुभवातून.

कोयनाच का?

जलाशयामुळे धक्के बसण्याची उदाहरणे अनेक देशांत आहेत. पण बहुतेक ठिकाणी काही वर्षांत ते थांबतात. कोयनेत ते थांबलेले नाहीत. १९६७ पासून पाच किंवा त्याहून अधिक क्षमतेचे वीसहून जास्त, तर चारपेक्षा अधिक क्षमतेचे सुमारे दोनशे धक्के येथे नोंदले गेले. हे सारे साधारण वीस किलोमीटर रुंद आणि तीस किलोमीटर लांब अशा पट्ट्यात. त्यांचा उगमही उथळ, बहुतांशी दहा किलोमीटरच्या आतला. म्हणजे भूकंपाचे घर लहान आहे, त्याचा पत्ता ठाऊक आहे आणि ते पोहोचण्याजोग्या खोलीवर आहे.

सांगली जिल्ह्याचा संबंध येथे येतो. शिराळा तालुक्यातील चांदोलीच्या वारणा जलाशयात १९८५ च्या सुमारास पाणी साठू लागले. १९९३ मध्ये त्या परिसरातही पाचच्या आसपास क्षमतेचे धक्के बसले आणि भूकंपांचा रोख कोयनेकडून दक्षिणेस वारणेकडे सरकल्याचे दिसून आले. पावसाळ्यात जलाशय भरल्यानंतर आणि पुढे हिवाळ्यात पाणी उतरू लागल्यावर धक्क्यांची संख्या वाढते, हेही नोंदींतून पुढे आले. कोयनेची क्षमता १०५.२५ टीएमसी आणि वारणेची ३४.४० टीएमसी. या पाण्याचे वजन भूकंप घडविण्यास पुरेसे नाही. खडकांत आधीच साठलेल्या ताणाला झिरपलेल्या पाण्याचा दाब निमित्त ठरतो, असे शास्त्रज्ञांचे प्रतिपादन आहे. परंतु पृष्ठभागावर ठेवलेल्या भूकंपमापकांवरून एवढेच सांगता येते. पाणी खरोखर किती खोल जाते आणि तेथे ताण किती आहे, हे पाहण्यासाठी खाली उतरावेच लागते.

पोट्सडॅम ते कराड

खोल विंधनाचा अनुभव मोजक्याच देशांच्या गाठीशी आहे. सोव्हिएत संघाने कोला द्वीपकल्पात १२ किलोमीटरहून खोल विवर खोदले. जर्मनीने बव्हेरियात ९,१०१ मीटरपर्यंत मजल मारली; ते काम १९९४ मध्ये संपले. त्याच अनुभवाच्या बळावर १९९६ मध्ये आंतरराष्ट्रीय खंडीय वैज्ञानिक विंधन कार्यक्रम, म्हणजेच आयसीडीपी, स्थापन झाला. त्याचे मुख्यालय जर्मनीतील पोट्सडॅम येथे आहे. कॅलिफोर्नियातील सॅन अँड्रियास प्रस्तरभंगात तीन किलोमीटर खोल वेधशाळा उभारण्याचे काम २००४ ते २००७ या काळात झाले, त्याच्या पूर्वतयारीलाही या कार्यक्रमाचे पाठबळ होते. मात्र सॅन अँड्रियास ही भूपट्टांची सीमा आहे. पट्टाच्या अंतर्भागात, तेही जलाशयाच्या निमित्ताने होणाऱ्या भूकंपाच्या उगमाजवळ वेधशाळा उभारण्याची कल्पना कोयनेपुरती नवी होती.

मार्च २०११ मध्ये आयसीडीपीच्या पुढाकाराने हैदराबाद आणि कोयना येथे कार्यशाळा झाली. देशोदेशीच्या तज्ज्ञांनी प्रत्यक्ष जागा पाहिली आणि घाईने खोल विवर न खोदता आधी पूर्वतयारी करावी, असे ठरले. त्याप्रमाणे नऊ ठिकाणी सुमारे दीड हजार मीटरपर्यंत विवरे घेण्यात आली. त्यांतील काहींत भूकंपमापक खोलवर बसविले गेले. विमानातून गुरुत्व आणि चुंबकीय मोजण्या झाल्या. मे २०१४ मध्ये दुसरी कार्यशाळा कोयनेतच भरली. पुढे गोठणे येथे डिसेंबर २०१६ मध्ये पथदर्शी विवराचे काम सुरू झाले आणि जून २०१७ मध्ये ३,०१४ मीटर खोली गाठून ते पूर्ण झाले.

खडकांनी काय सांगितले?

या विवराने सुमारे सव्वा किलोमीटर जाडीचा बेसाल्ट भेदला. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे हे थर. त्यांच्याखाली थेट अडीच अब्ज वर्षांहून जुना ग्रॅनाइट लागला. दोहोंच्या मध्ये गाळाचा खडक आढळला नाही. तीन किलोमीटर खोलीपर्यंत पाणी सापडले आणि ते पावसाचेच असल्याचे दिसून आले. येथील खडक ताणाच्या अगदी कडेवर आहेत, किरकोळ बदलही त्यांना हलवू शकतो, असाही निष्कर्ष निघाला. जलाशय आणि भूकंप यांच्या संबंधाविषयी जे अनुमानाने म्हटले जात होते, त्याला खडकाचा पुरावा मिळाला, हे या कामाचे मोठे यश.

पुढील टप्पा सहा किलोमीटरचा आहे. तेथे तापमान ११० ते १३० अंश सेल्सिअस असेल, असा अंदाज आहे. त्या उष्णतेत आणि दाबात वर्षानुवर्षे टिकणारी उपकरणे बसविणे सोपे नाही. परदेशी अनुभवाची खरी गरज येथेच लागणार आहे.

सहकार्याचा हिशेब

आंतरराष्ट्रीय सहकार्य म्हटले की परदेशातून पैसा येतो, असा समज होतो. येथे चित्र निराळे आहे. आयसीडीपीसारखी संस्था योजना तपासते, तज्ज्ञ पुरविते, प्रशिक्षण देते आणि खर्चाचा काही वाटा उचलते. कोयनेत मुख्य भार केंद्र सरकारने म्हणजेच भारतीय करदात्याने उचलला. १९६७ नंतर परदेशी तज्ज्ञ भूकंपाचे परिणाम पाहण्यासाठी आले होते. २०११ नंतर ते भारतीय संस्थेच्या नेतृत्वाखालील कामात सहभागी झाले. खडकांचे नमुने कराडमध्येच राहिले, ते विदेशी संग्रहात गेले नाहीत. ही प्रगती लहान नव्हे. पृथ्वी विज्ञानातील सहकार्य बरोबरीच्या नात्याने कसे करावे, याचा हा एक धडाच आहे.

तरीही हिशेब येथे पूर्ण होत नाही. अशा करारांत संशोधकांचे हक्क ठरतात. माहिती प्रथम कोणाला, नमुने किती, शोधनिबंधावर नाव कोणाचे, हे सारे लिहिलेले असते. ज्यांच्या पायाखालची जमीन तपासली जाते, त्या गावांना काय कळवायचे, केव्हा आणि कोणत्या भाषेत, हे मात्र सहसा लिहिलेले नसते.

पाटण आणि शिराळ्याच्या डोंगरी भागातील माणूस दर हादऱ्यानंतर दोनच प्रश्न विचारतो: मोठा भूकंप येणार का, आणि धरण टिकेल का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर तीन काय, सहा किलोमीटरच्या विवरातूनही दिवस-वेळेसह मिळणार नाही. जगातील कोणत्याही वेधशाळेने ती किमया साधलेली नाही. हे स्पष्टपणे सांगण्याचे धैर्य शास्त्रज्ञांनी दाखवले पाहिजे; अन्यथा अपेक्षाभंगातून अफवा जन्म घेतात. विंधनामुळेच भूकंप होतील, ही भीतीही अशाच अपुऱ्या माहितीतून बळावते. दुसरा प्रश्न केवळ धरणाकाठचा नाही. कोयना कराडला आणि वारणा सांगलीजवळ हरिपूरला कृष्णेला मिळते. त्यामुळे दोन्ही जलाशयांची सुरक्षितता ही खालच्या शहरांचीही चिंता आहे.

गावापर्यंतची वाट

या संशोधनातून तातडीने मिळू शकणारे फळ वेगळेच आहे. खोलवरच्या भूकंपमापकांमुळे धक्क्यांची जागा अधिक अचूक कळते. प्रस्तरभंग नेमके कोठून जातात, कोणत्या गावाखालचा खडक किती हादरतो, याचे बारकाईने नकाशे करता येतात. हे नकाशे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन यंत्रणेच्या आणि ग्रामपंचायतींच्या हाती मराठीत पडले, तर शाळा, दवाखाना आणि पाण्याची टाकी कोठे व कशी बांधावी, हे ठरविता येईल. दगडमातीच्या भिंतींच्या घरांची कोणत्या गावात आधी डागडुजी करावी, याचा क्रम लावता येईल. भूकंपात माणसे मरतात ती बहुतांशी घरांखाली, आणि त्यापासून बचाव करण्यासाठी भाकिताची वाट पाहण्याची गरज नाही.

त्यासाठी नवा आंतरराष्ट्रीय करारही लागत नाही. कराडची प्रयोगशाळा, महाराष्ट्राचे जलसंपदा खाते आणि सातारा व सांगली येथील जिल्हा प्रशासन यांनी एकत्र बसण्याचीच गरज आहे. पोट्सडॅमची संस्था कराडशी जोडता आली. कराड ते पाटण हे अंतर त्यापेक्षा कितीतरी कमी आहे. सहा किलोमीटरच्या विवराचा आराखडा आखतानाच गावांपर्यंत माहिती नेण्याचे काम त्यात समाविष्ट झाले, तर साठ वर्षे हादरे सोसणाऱ्या या खोऱ्याला आपल्याच जमिनीविषयीच्या ज्ञानाचा वाटा मिळेल.