शॉकअप गळतोय! सील बदलायचे की थांबायचे?

रविवारी सकाळी अंगणात मोटारसायकल धुण्याचा कार्यक्रम चालला होता. बाबा बादली घेऊन मागच्या चाकापाशी बसले होते आणि कॉलेजात जाणारी लेक पुढचे चाक पुसत होती. पुसता पुसता तिची बोटे काळ्या, चिकट तेलाने माखली. "बाबा, हे तेल कुठून आलं?" पुढच्या उजव्या शॉकअपच्या चकचकीत दांडीवर तेलाचे कडे उमटले होते आणि तिथून खाली धूळ चिकटलेला एक ओघळ आला होता.

शेजारचे काका कुंपणावरून डोकावले आणि त्यांनी लगेच निकाल देऊन टाकला, "सील गेलं! आता दोन्ही शॉकअप खोलावे लागणार." कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याने नेमके उलट सांगितले, "चालवा हो साहेब, काही होत नाही. सगळ्याच गाड्या थोड्याफार गळतात." दुपारी बापलेकीला याच गाडीवरून पंचवीस किलोमीटरवर आत्याकडे जायचे होते. आता ऐकायचे कोणाचे?

अशा वेळी कोणाच्याच अंदाजावर विसंबण्याचे कारण नाही. सील खरोखर गेले आहे की नाही, हे अर्ध्या तासात घरच्या घरी पाहता येते. त्यासाठी पाने-स्क्रूड्रायव्हर लागत नाहीत. एक स्वच्छ फडके आणि थोडे लक्ष पुरते.

आत काय असते?

शॉकअप म्हणजे एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्या. वरची पोलादी, क्रोमचा मुलामा दिलेली गुळगुळीत नळी म्हणजे फोर्क पाइप. खालची जाड नळी ॲल्युमिनियमची. गॅरेजमध्ये तिला बॉटम म्हणतात. चाकाचा एक्सल याच बॉटममध्ये अडकवलेला असतो. आत एक स्प्रिंग आणि मोजून भरलेले तेल असते.

चाक खड्ड्यात गेले की स्प्रिंग दबते. पण नुसती स्प्रिंग दबली की उसळते आणि उसळतच राहते. ती उसळी शांत करण्याचे काम तेलाचे. बारीक छिद्रांतून वाट काढताना तेलाला जो अडथळा होतो, त्यात धक्क्याचा जोर जिरतो. तेलाच्या साहाय्याने धक्के जिरवणारा असा सरकत्या नळ्यांचा फोर्क बीएमडब्ल्यू कंपनीने १९३५ साली आपल्या आर-१२ या मोटारसायकलवर आणला. आजच्या बहुतेक मोटारसायकलींच्या पुढच्या शॉकअपचे तत्त्व तेच आहे.

बॉटमच्या तोंडाशी रबराचे एक कडे बसवलेले असते. हेच ऑइल सील. त्याची पातळ ओठासारखी कड पाइपला घट्ट चिकटलेली असते. त्याच्या वर आणखी एक कडे असते, ते डस्ट सील. ऑइल सीलने तेल आत राखायचे आणि डस्ट सीलने धूळ बाहेर अडवायची, अशी ही वाटणी आहे. सील कोरड्या पाइपवर घासले तर लवकर झिजेल, म्हणून पाइपवर तेलाचा अगदी पातळ थर राहणे स्वाभाविक असते. बोट फिरवल्यावर जेमतेम ओशट लागणे हा आजार नव्हे. बोट ओले होणे मात्र आजार आहे.

घरच्या घरी परीक्षा

प्रथम दोन्ही पाइप आणि बॉटम पुसून कोरडे करावेत. साबणाचे पाणी चालेल. रबरावर पेट्रोल किंवा रॉकेल चोळू नये. काही गाड्यांच्या पाइपवर रबरी बूट असतात. ते वर सरकवून आत पाहावे, कारण त्यांच्याआड गळती महिनोन्महिने लपून राहू शकते.

मग गाडी स्टँडवरून काढून न्यूट्रलमध्ये उभी करावी. एकाने मागून गाडीला आधार द्यावा. दुसऱ्याने पुढचा ब्रेक दाबून धरावा आणि हँडलवर अंगाचा भार टाकून शॉकअप दहा-बारा वेळा पूर्ण दाबावा. त्यानंतर दोन्ही पाइपभोवती पांढरा कागद फिरवून पाहावा.

कागद कोरडा किंवा नुसता ओशट असेल तर काळजी नको. पाइपवर पुसट रेघ उमटली असेल तर तारीख लक्षात ठेवावी आणि दोन-तीन दिवस गाडी वापरून हीच परीक्षा पुन्हा करावी. मात्र पाइपवर ओले कडे स्पष्ट दिसले आणि तेल बॉटमवर ओघळू लागले, तर सील तेल धरत नाही हे नक्की समजावे.

तेल कुठे दिसते, यालाही महत्त्व आहे. पाइप कोरडा आणि बॉटमचा फक्त खालचा भाग ओला असेल, तर दोष बहुधा सीलचा नसून तळाच्या बोल्टखालील वॉशरचा असतो. चाकाच्या मध्यभागी काळा, घट्ट चिकटा दिसला तर तो बेअरिंगमधले ग्रीस असू शकते. डिस्क ब्रेकच्या कॅलिपरजवळ किंवा होजजवळ पातळ द्रव दिसला आणि हँडलवरच्या डबीतली पातळी उतरलेली असली, तर ते ब्रेक ऑइल आहे. तसे असेल तर गाडी हलवूच नये.

चालवतानाही काही खुणा जाणवतात. ब्रेक लावताच गाडी नाक खुपसते, स्पीडब्रेकरवर पुढून 'धप्प' आवाज येतो, खड्ड्यानंतर हँडल उसळत राहते. पण केवळ एवढ्यावरून सीलला दोष देऊ नये. तेल जुने झाले किंवा स्प्रिंग थकली तरी असेच होते. ब्रेक लावताना पुढून 'खट्' असा आवाज येत असेल तर हँडलचा कोनसेट सैल झाला असण्याची शक्यता असते. मोठ्या स्टँडवर पुढचे चाक उचलून धरावे आणि दोन्ही बॉटम पुढे-मागे हलवून पाहावेत. वर हँडलच्या सांध्यापाशी खेळ जाणवला तर काम सीलचे नाही, कोनसेटचे आहे.

सील गेले की कचरा अडकला?

गळणारे प्रत्येक सील फाटलेलेच असते असे नाही. पावसाळ्यात पाइपवर उडालेला चिखल वाळतो आणि त्याचा बारीक कण डस्ट सीलखाली शिरतो. तो ऑइल सीलच्या कडेखाली अडकला की तिथून तेल झिरपू लागते. जाणकार मेकॅनिक अशा वेळी आधी डस्ट सील उचलून जागा स्वच्छ करतो. मग कॅमेऱ्याच्या जुन्या फिल्मचा गुळगुळीत कडांचा तुकडा सील आणि पाइप यांच्यामध्ये अलगद सरकवून गोल फिरवतो आणि अडकलेला कण बाहेर काढतो. पुसून पुन्हा परीक्षा घेतल्यावर गळती थांबली असेल तर मोठा खर्च वाचला. न थांबल्यास सील बदलण्यावाचून इलाज नाही. फिल्मऐवजी स्क्रूड्रायव्हर किंवा ब्लेड मात्र कोणालाही घालू देऊ नये. चांगले सीलसुद्धा त्याने कापले जाते.

केव्हा अजिबात थांबू नये?

ओघळलेले तेल ब्रेकपर्यंत पोहोचले की प्रश्न खर्चाचा राहत नाही, जिवाचा होतो. तेल लागलेली डिस्क ऐनवेळी पकडत नाही. डिस्क पुसता येते, पण तेल प्यालेले ब्रेक पॅड बहुधा बदलावेच लागतात. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपेक्षा मोठ्या नव्या दुचाकींना एबीएस बंधनकारक झाले आहे, म्हणून काही जण निर्धास्त असतात. एबीएस चाक अडकू देत नाही हे खरे. पण तेलकट पॅडला ते पकड आणून देऊ शकत नाही.

२०१२ साली भारतात आलेल्या केटीएम ड्यूक २०० सारख्या गाड्यांत फोर्क उलटा असतो. जाड नळी वर आणि सील खाली, त्यामुळे गळलेल्या तेलाचा रस्ता थेट कॅलिपरकडेच जातो. अशा गाडीवाल्याने जास्तच सावध असावे. स्कूटरवाल्यांनीही हा विषय आपला नाही असे समजू नये. २०२० साली आलेल्या ॲक्टिव्हा ६जीपासून त्या स्कूटरलाही पुढे असेच तेलाचे शॉकअप आहेत.

गॅरेजमध्ये काय सांगावे?

"वरून थोडं तेल घालून देतो" ही दुरुस्ती नव्हे. ते तेलही त्याच वाटेने जाते. एकच बाजू गळत असली तरी सील दोन्ही बाजूंची बदलावीत. दोन्ही सारखीच जुनी झालेली असतात, आणि दोन्हीकडे तेल सारखे असणे गाडीच्या तोलासाठी आवश्यक असते. सोबत डस्ट सीलही नवी घालावीत. तेल गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या जातीचे, तेवढेच मिलिलिटर, मापाने भरून घ्यावे; अंदाजाने नव्हे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, शॉकअप खोलल्यावर पाइप स्वतः पाहावा. सील जिथे सरकते त्या भागावर नखाची कड फिरवावी. नख कुठे अडले तर तिथे गंजाचा खड्डा किंवा ओरखडा आहे. किरकोळ असेल तर बारीक पॉलिश पेपरने गुळगुळीत होतो. खोल असेल तर तो नवे सीलही कापणार आणि महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा तेच रडगाणे सुरू होणार. चाक बसवल्यावर शॉकअप चार-सहा वेळा दाबून मगच एक्सल पक्का आवळावा, म्हणजे दोन्ही पाय सरळ रेषेत बसतात. जुनी सील मागून घ्यायला संकोच करू नये.

आणि पुढे सील टिकावे म्हणून? पावसातून आल्यावर पाइपवरचा चिखल वाळण्याआधी पुसावा. सर्व्हिसिंगच्या वेळी पाण्याचा जोराचा फवारा सीलवर मारू देऊ नये. एवढे पुरे.

त्या रविवारी बापलेकीने हीच परीक्षा केली. डावा पाइप कोरडा राहिला. उजव्यावर पुन्हा ओले कडे उमटले आणि डिस्कवर तेलाचे दोन ठिपके सापडले. त्यांनी गाडी जागेवरच ठेवली आणि आत्याकडे बसने गेले. सोमवारी गॅरेजमध्ये फिल्मचा उपाय करून पाहिला, तो लागू पडला नाही. मग सील बदलली, पॅडही बदलले. पाइपवर नख फिरवायला लेकच पुढे झाली. नख कुठेही अडले नाही. गॅरेजवाला हसून म्हणाला, "ताई, आता तुम्हीच दुकान टाका."