साडेसात रुपयांचं जंगल
आमच्या बागेत या आठवड्यात फॉर्म घेतलेली एक कॉलेजकन्या बाकाबाकावर फिरत होती. ‘काका, ही बाग टिकावी म्हणून महिन्याला किती रुपये द्याल?’ शेजारचे आजोबा उखडलेच, ‘मग मालमत्ता कर कसला भरतो मी?’ तिनं निमूट शून्य लिहिलं. अशा पाहण्यांच्या शास्त्रात त्याला निषेधाचं शून्य म्हणतात आणि बहुधा हिशेबातून वगळतात. म्हणजे आमच्या कट्ट्यावरचं निम्मं जनमत गेलंच की! हसू नका, याच पद्धतीनं बोरिवलीच्या नॅशनल पार्कची किंमत काढून झालीय. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मुंबईकर कुटुंबं महिन्याला सरासरी ७.५ रुपये द्यायला तयार निघाली, आणि त्याची गोळाबेरीज गेली शंभर कोटींच्या वर. आकड्याला माझी हरकत नाही, फाइलीत ‘रिकामी जागा’ लिहिण्यापेक्षा तो केव्हाही बरा. हरकत प्रश्नाला आहे. बाग आपलीच, मग ‘किती द्याल’ कशाला? ‘सोडायचे किती घ्याल’ विचारा! पण तसं विचारलं की माणसं अव्वाच्या सव्वा आकडे सांगतात, कुणी ‘विकायचीच नाही’ म्हणून उठून जातं, आणि तक्त्यात ते बसत नाही. अलास्कातल्या १९८९च्या तेलगळतीनंतर अशा पाहण्यांची छाननी करणाऱ्या केनेथ ॲरो आणि रॉबर्ट सोलो या नोबेलविजेत्यांच्या समितीनं १९९३मध्ये ‘किती द्याल’चीच शिफारस केली, कारण त्यानं आकडा आवाक्यात राहतो. राहणारच, घासाघीस गिऱ्हाइकाशी चाललीय, मालकाला कुणी विचारलेलंच नाही.