आकाशातून कोण आले होते?

फर्दापूरच्या फाट्यावर उतरलेला प्रवासी लेण्यांकडे जाणारी बस पकडण्याच्या घाईत असतो. गावातल्या मोगलकालीन सराईकडे त्याचे लक्ष जात नाही. पुढच्या चार किलोमीटरांवरची जागाही शतकानुशतके ओस पडली होती, हे त्याच्या ध्यानीमनी नसते. 1819 च्या एप्रिलमध्ये शिकारीला आलेला जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी दहाव्या लेण्यात शिरला आणि तिथे स्वतःचे नाव कोरून गेला. आज ते नाव माणसाच्या डोक्याच्या वर दिसते, कारण तेव्हा तो साचलेल्या मातीच्या ढिगावर उभा होता.

ओसाड जागेत माणसांआधी गोष्टी राहायला येतात. अजिंठ्याची गोष्ट शापाची. रॉबर्ट गिलने अनेक वर्षे इथे राहून केलेल्या बहुतेक प्रतिकृती 1866 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत गेल्या. मुंबईच्या जे. जे. स्कूलचे ग्रिफिथ्स 1872 पासून विद्यार्थ्यांना घेऊन खपले. त्यांच्याही कित्येक चित्रांची 1885 मध्ये लंडनमध्येच राख झाली. जपानी चित्रकार अराई काम्पो याने नेलेल्या प्रती 1923 च्या भूकंपात टोकियोत नष्ट झाल्या. फर्दापूरला तंबू ठोकून काम करणाऱ्या लेडी हेरिंगहॅम पुढे मनोरुग्ण झाल्या, तेही शापाच्याच खात्यावर जमा झाले. पण त्यांच्या मदतीला आलेले नंदलाल बोस आणि असितकुमार हालदार इथून जे घेऊन गेले, त्यातून बंगालच्या नव्या चित्रकलेला बळ मिळाले. त्याचा हिशेब मात्र शाप सांगणारे करीत नाहीत!

अलीकडे शापाची जागा परग्रहवासीयांनी घेतली आहे. एरिक फॉन डॅनिकेनचे पुस्तक 1968 मध्ये आले, तेव्हापासून जगभरच्या जुन्या बांधकामांवर उडत्या तबकड्या घिरट्या घालू लागल्या. याच जिल्ह्यातले वेरूळचे कैलास लेणे माणसाने खोदणे शक्यच नाही, असे दूरचित्रवाणीवर आणि मोबाइलवर बजावून सांगितले जाते. मुले ते ऐकतात आणि वहीत तबकडी काढतात. काढू द्यावी. कल्पनेला कुंपण घालणारा चित्रकलेचा शिक्षक आम्हाला तरी नको आहे. सतराव्या लेण्याच्या ओसरीवर ज्याने ढगांतून येणारा इंद्र आणि अप्सरा रंगवल्या, त्याने तरी माणसे उडताना कुठे पाहिली होती? तरीही गळ्यातल्या मोत्यांच्या माळा वाऱ्याने मागे झुकवून त्याने वेग दाखवला. न पाहिलेल्या गोष्टीला पाहिलेल्या गोष्टीचा आधार द्यावा लागतो, हे त्याला ठाऊक होते.

आक्षेप आहे तो वेगळ्याच गोष्टीवर. शापाच्या गोष्टीत चित्रकार निदान होते तरी; त्यांचे श्रम होते, नुकसान होते. परग्रहवासीयांच्या गोष्टीत पाथरवट उरतच नाही. त्याचे नाव आपल्याला माहीत नाही, म्हणून त्याचे काम सरळ दुसऱ्याच्या नावावर चढवले जाते. गावोगावच्या वडाराने फोडलेली खडी आपण रोज तुडवतो, पण त्याच्या पूर्वजांसारख्या कुणी डोंगर कोरला असेल, हे मानायला मन तयार होत नाही. तबकडीवर विश्वास बसतो आणि छिन्नीवर बसत नाही, याचे मूळ आम्हाला तरी यातच दिसते.

याचा उलगडा अजिंठ्याच्या चोविसाव्या लेण्यात होतो. हा मोठा विहार अर्धवट राहिला आणि त्यामुळेच खोदकामाची रीत उघडी पडली. आधी कुदळीने खडकात लांबलचक गल्ल्या पाडायच्या, मग मधल्या भिंती फोडून दालन मोकळे करायचे. काही खांब घडलेले, काही नुसते ठोकळे. हत्याराचे घाव अजून दिसतात. मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी तिथे पंधरा मिनिटे बसावे आणि वह्या उघडायला सांगाव्यात. तबकडी काढायची असेल तर तीही तिथेच काढावी, शेजारच्या अर्ध्या खांबासकट. सहलीच्या घाईत नेमके हेच लेणे बहुतेक वेळा गाळले जाते.